५८ डॉलर ते ५० हजार पौंड: हाय-फायची पहिली पायरी कुठे गेली?

आजच्या भागाची सुरुवात दोन किमतींनी करूया.

पहिली किंमत, ५८ डॉलर. १९६१ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीनं एक टर्नटेबल बाजारात आणलं. रेकॉर्ड लावायचं साधं मशीन. नाव एआर एक्सए.

दुसरी किंमत, ५० हजार पौंड. २०२३ साली स्कॉटलंडच्या ग्लासगोजवळच्या लिन कंपनीनं आपल्या सोंडेक एलपी१२ या टर्नटेबलची पन्नाशी साजरी केली. त्यासाठी एक खास आवृत्ती काढली, फक्त २५० नगांची. डिझाइनमध्ये हात होता जॉनी आइव्हच्या स्टुडिओचा. हो, तोच आइव्ह, ज्यानं आयफोनचं रूप घडवलं.

आता गंमत बघा. दोन्ही यंत्रांच्या पोटात मूळ कल्पना एकच आहे. मोटर एका पट्ट्यानं चकती फिरवते. चकती आणि सुई धरणारा दांडा हे दोन्ही एका वेगळ्या सांगाड्यावर बसवलेले असतात आणि तो सांगाडा स्प्रिंगवर तरंगत असतो. म्हणजे खोलीत कोणी पाय आपटला किंवा मोटर थरथरली, तरी तो धक्का सुईपर्यंत पोचू नये. ही रचना लोकप्रिय केली ती ५८ डॉलरवाल्या मशीननं. लिनचं यंत्र पुढे त्याच घराण्यात जन्मलं.

थोडं न्यायानंही बोलूया. लिननं ५० वर्षांत त्या कल्पनेवर भरपूर काम केलंय, आणि ५० हजारांची ही आवृत्ती हौशी संग्राहकांसाठी होती. साधं एलपी१२ याहून बरंच स्वस्त मिळतं. पण तेही हजारो पौंडांतच. मग प्रश्न असा की कॉलेजातल्या पोरानं सुट्टीत काम करून घ्यावं, अशी जी पहिली पायरी एकेकाळी होती, ती गेली कुठे? कंपन्या हावरट झाल्या, एवढ्यावर उत्तर संपत नाही. त्यासाठी ७० वर्षं मागे जावं लागेल.

तासांचा हिशेब

जुन्या किमती ऐकल्या की आपण लगेच म्हणतो, काय स्वस्ताई होती! पण ती फसवणूक असते, कारण तेव्हा पगारही तेवढेच होते. म्हणून आज आपण डॉलर बाजूला ठेवू आणि तास मोजू. अमेरिकेत कायद्यानं ठरवलेलं जे किमान वेतन आहे, त्यावर काम करणाऱ्या माणसाला ती वस्तू घ्यायला किती तास राबावं लागलं असतं?

१९६१ साली तिथलं किमान वेतन तासाला १ डॉलर होतं, सप्टेंबरपासून १ डॉलर १५ सेंट झालं. म्हणजे एआर एक्सए घ्यायला ५० ते ५८ तास. दीड आठवड्याची मजुरी.

हे माप लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

खोक्यातून आलेला अँप्लिफायर

१९४८ साली कोलंबिया कंपनीनं एलपी रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सलग संगीत मावायला लागलं. ऐकण्याची भूक वाढली. त्याच काळात दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या हजारो तरुणांना रेडिओ आणि रडारचं काम येत होतं. सोल्डरिंग त्यांच्या हातचा मळ. त्यांना तयार यंत्र परवडत नव्हतं, पण सुटे भाग दिले तर ते स्वतः जोडू शकत होते.

यातून किटचा धंदा उभा राहिला. मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बरची हीथकिट ही त्यातली मोठी कंपनी. पण हाय-फायच्या इतिहासात ज्याचं नाव आजही प्रेमानं घेतलं जातं, तो किट फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीचा, डेव्हिड हाफलरच्या. १९५९ साली आलेला स्टीरिओ ७०.

हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. दोन्ही बाजूंना ३५-३५ वॉट. किट घेतला तर ९९ डॉलर ९५ सेंट, कंपनीकडून जोडून घेतला तर १२९ डॉलर ९५ सेंट. म्हणजे तुमच्या हातच्या कामाची किंमत ३० डॉलर. एक संध्याकाळ टेबलावर बसलात, तारा जोडल्यात की ३० डॉलर वाचले. सर्किटचा अवघड भाग कंपनी आधीच जोडून द्यायची, त्यामुळे नवख्यालाही जमायचं. असे लाखो अँप्लिफायर विकले गेले आणि त्यातले कित्येक आजही वाजतात.

आता तास मोजा. १९५९ साली किमान वेतन तासाला १ डॉलर. म्हणजे किटला १०० तास, अडीच आठवडे. आजच्या पैशात साधारण हजार डॉलर! मुद्दाम सांगतोय, कारण पहिली पायरी फुकट कधीच नव्हती. पण ती पायरी होती. पाय उचलला तर पोचता यायचं.

जिथे काहीच विकत नव्हते

स्पीकरचीही अशीच गोष्ट. १९५४च्या आधी खोल, भरीव बास हवा असेल तर कपाटाएवढा स्पीकर लागायचा. एडगर व्हिल्चर नावाच्या शिक्षकानं डोकं लावलं. पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरायचं. पेटी शेल्फवर मावेल एवढी लहान झाली, आणि बास तसाच. व्हिल्चर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मिळून जी कंपनी काढली, तीच आपली अकूस्टिक रिसर्च. ५८ डॉलरचं टर्नटेबल काढणारी.

या कंपनीनं आणखी एक काम केलं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्टेशनात आणि केंब्रिजच्या हार्वर्ड चौकात तिनं ऐकण्याच्या खोल्या उघडल्या. तिथे विक्री होत नव्हती. गाडीला वेळ आहे? या, बसा, संगीत ऐका, उठून जा. कोणी विचारणार नाही की साहेब, बजेट किती?

कल्पना करा, आपल्या सीएसएमटीला किंवा पुणे स्टेशनला अशी खोली असती तर! हजारो माणसांना चांगला आवाज म्हणजे काय, हे एकदा तरी कानांनी कळलं असतं. मग घ्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवलं असतं. पण न ऐकता कोणाला काही हवंसं कसं वाटेल?

१९७३: वरचं टोक

आता गोष्टीत वळण येतं. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर ढिगानं आणले. वॉटचे आकडे वाढले, किमती उतरल्या. काही कानांना मात्र आवाज पटेना. १९७३ साली हॅरी पिअर्सननं द अॅब्सोल्यूट साउंड हे नियतकालिक सुरू केलं. यंत्राची परीक्षा मीटरवर नको, खऱ्या वाद्याच्या आवाजाशी ताडून करा, असं त्याचं म्हणणं. हाय-एंड हा शब्द रुळवण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं.

त्याच वर्षी मार्क लेव्हिन्सनच्या छोट्या कंपनीचा एलएनपी-२ हा प्रीअँप आला. किंमत पावणेदोन हजार डॉलरच्या आसपास. तेव्हाचं किमान वेतन १ डॉलर ६० सेंट. तास? साधारण ११००. सहा महिन्यांहून जास्त मजुरी, आणि तीही फक्त प्रीअँपसाठी. यानं स्पीकर वाजत नाही, त्याला पुढे पॉवर अँप जोडावाच लागतो.

पण थांबा. इथे कोणाचं काही बिघडलं नव्हतं. वरचं टोक उंच गेलं तरी खालच्या पायऱ्या शाबूत होत्या. उलट भक्कम होत होत्या. १९७८ साली नॅड कंपनीचा ३०२० हा अँप्लिफायर आला. इंग्लंडमध्ये आखलेला, तैवानमध्ये बनवलेला. दिसायला अगदी साधा, करडा. कागदावर जेमतेम २० वॉट. पण पैसे चकचकीत तोंडवळ्यावर न घालता आतल्या वीजपुरवठ्यावर घातलेले, त्यामुळे अवघड स्पीकरही तो सहज चालवायचा. जगात सर्वांत जास्त खपलेल्या हाय-फाय अँप्लिफायरमध्ये त्याची गणना होते. एका पिढीनं त्याच्यापासून सुरुवात केली.

म्हणजे १९८० सालचं चित्र असं: खाली नॅड, वर लेव्हिन्सन, आणि मध्ये दर थोड्या अंतरावर एक पायरी.

गर्दी कुठे निघून गेली

१ जुलै १९७९. सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला, ३३,००० येनला. संगीत घरातून उठलं आणि माणसाबरोबर चालायला लागलं. १९८२ साली सीडी प्लेअर आला, १,६८,००० येनला. पुढच्या काही वर्षांत तो झपाट्यानं स्वस्त झाला, आणि खरखर नसलेला आवाज साध्या यंत्रातूनही मिळू लागला. २००१ साली आयपॉड, ३९९ डॉलर. तेव्हाच्या किमान वेतनानं ७७ तास.

हे ७७ तास नीट बघा. डायनाकोचा किट १०० तासांचा होता. तरुण माणसानं संगीतासाठी मोजायची रक्कम फारशी बदलली नव्हती. बदललं ते एवढंच की ती रक्कम अँप्लिफायरकडे न जाता खिशातल्या डबीकडे गेली. पुढे फोन आला आणि ती डबीही त्यानं गिळली.

यात तरुणांची काही चूक नाही हं. त्यांनी हातात आलेली सोय निवडली. पण त्यांच्या जाण्यानं हाय-फायच्या कारखान्यात काय झालं, ते समजून घेतल्याशिवाय आजच्या किमती कळणार नाहीत.

साच्यांची गोष्ट

जपानच्या टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल बघूया. १९७२ साली आलं, ५९,८०० येनला. घरगुती ऐकणाऱ्यांसाठी बनवलेलं. पण मोटर थेट चकतीखाली, पट्टा नाही, त्यामुळे बोट लावून थांबवलं, सोडलं की लगेच वेग धरायचं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिप-हॉप जन्माला येत होतं, तिथल्या डीजेंनी हे गुण हेरले. १९७९ची दुसरी आवृत्ती तर जगभरच्या क्लबांत गेली. एकूण ३५ लाखांहून जास्त नग विकले गेले. २०१० साली कंपनीनं उत्पादन बंद केलं.

आणि मग जानेवारी २०१६मध्ये घोषणा झाली, एसएल-१२०० परत येतंय! जगभर आनंद. आणि मग किंमत कळली. ३,३०,००० येन, अमेरिकेत ४,००० डॉलर. तोवर जपानमध्ये जवळपास तिप्पट महागाई झाली होती, म्हणजे जुनी किंमत आजच्या पैशात पावणेदोन लाख येनच्या आसपास येते. नवी त्याच्या जवळजवळ दुप्पट. अमेरिकेत ७ डॉलर २५ सेंटच्या किमान वेतनानं ५५० तास. काही राज्यांत वेतन याहून जास्त आहे हे खरं, तरी ५८ आणि ५५० यांतलं अंतर त्यानं भरत नाही.

चाहते चिडले. दिसायला तर तेच आहे, मग एवढे पैसे कशाचे? कंपनीचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. जुने साचे आणि अवजारं जवळपास सगळी गेली होती, नाहीतर पार खराब झाली होती. वापरण्याजोगा साचा उरला होता तो वरच्या धूळ-झाकणाचा! बाकी सगळं पुन्हा नव्यानं उभं करायचं होतं. शिवाय आतली मोटर आणि चकतीही नव्यानं आखलेली होती.

इथे एक छोटं गणित करू. आकडे मनचे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून. समजा, साच्यांना आणि अवजारांना १० कोटी रुपये लागले. तुम्ही एक लाख नग विकणार असाल तर प्रत्येक नगावर त्याचा भार पडतो १,००० रुपये. पण हजारच नग विकणार असाल तर? एका नगावर एक लाख रुपये! यंत्र तेच, कारखाना तोच. फक्त गर्दी नाही.

स्वस्त यंत्र बनवायला पैसेवाला गिऱ्हाईक लागत नाही, खूप गिऱ्हाईकं लागतात. नॅड ३०२० स्वस्त होता कारण तो लाखोंना हवा होता. गर्दी गेली तेव्हा कंपन्यांपुढे दोन रस्ते उरले. कमी नफ्यावर हळूहळू मरायचं, किंवा थोड्या लोकांना महाग विकायचं. टेक्निक्सनं पुढे वाट थोडी मोकळी केली हेही सांगायला हवं. २०१९ साली एमके७ ही आवृत्ती हजार डॉलरच्या आसपास आणली. पण तेसुद्धा सव्वाशे-दीडशे तास झाले.

दुकानांचंही तेच गणित. एका गिऱ्हाइकाला दोन तास बसवून ऐकवायचं, तर २० हजारांचा सेट विकण्यापेक्षा ५ लाखांचा विकलेला परवडतो. भाडं तर दोन्हीला सारखंच. अमेरिकेत सर्किट सिटीची दुकानं २००९ साली बंद पडली, रेडिओशॅकनं २०१५ साली दिवाळखोरी जाहीर केली. सामान्य माणूस जिथे सहज शिरून बटणं फिरवून बघायचा, त्या जागाच गेल्या.

नावं तीच, मालक दुसरे

मधल्या पायऱ्या किती डळमळीत आहेत, त्याची एक ताजी गोष्ट. डेनॉन, मरांट्झ, बोवर्स अँड विल्किन्स ही जुनी नामवंत नावं २०२२ साली मासिमो कंपनीनं घेतली, अब्ज डॉलरहून जास्त मोजून. मासिमो काय बनवते? ऑक्सिमीटर! कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो ना, त्या जातीची वैद्यकीय यंत्रं. तीन वर्षांत हात पोळले आणि २०२५ साली तिनं हा धंदा ३५ कोटी डॉलरला सॅमसंगच्या हर्मनला विकून टाकला. २०२२ सालीच जपानच्या ऑन्क्योच्या घरगुती ऑडिओ कंपनीचं दिवाळं निघालं. २०२४ साली मॅकिंटॉश बोसकडे गेली. जुनी घराणी एकेका मोठ्या छताखाली जमा होताहेत. आणि मालक एकच झाला की एकमेकांशी टक्कर देणारी दोन स्वस्त मॉडेलं कशाला ठेवायची, हा प्रश्न त्याला पडणारच.

आपल्याकडे काय?

खरं सांगायचं तर आपल्याकडे हा जिना कधी पूर्ण उभाच राहिला नव्हता. १९९१पर्यंत आयातीवर कडक बंधनं होती. परदेशी अँप्लिफायर म्हणजे कोणीतरी बाहेरून आणलेला. बाकीच्यांच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर, नाहीतर आखातातून आलेला टू-इन-वन. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्या मधली पायरी बनत होत्या. आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड होता. तिथे सुटे भाग मिळायचे, ते जोडून देणारे कारागीर मिळायचे. डायनाकोचं नाव न ऐकताही किटचा तोच धडा तिथे चालू होता.

आज आयात खुली आहे. पण कर, वाहतूक, दुकानदाराचा वाटा हे सगळं चढून परदेशी वस्तू इथे आणखी महाग पडते. म्हणजे तिकडची पायरी उंच झाली की आपल्याकडे ती दुप्पट जाणवते.

मग पहिली पायरी खरंच संपली?

नाही! आणि हीच आजच्या भागातली आनंदाची गोष्ट.

२०१६ साली आयफोन ७मधून हेडफोनचं भोक गेलं आणि अॅपलनं एक छोटीशी जोडतार आणली, ९ डॉलरला. तिच्या आत डिजिटल संगीताचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप आहे. पुढे आलेल्या यूएसबी-सी प्रकारची मोजमापं हौशी तंत्रज्ञांनी घेतली, तेव्हा ती कित्येक पट महाग यंत्रांच्या तोडीची निघाली. तास मोजा. सव्वा! आणि चिनी कंपन्यांचे वीस-पंचवीस डॉलरचे वायरवाले इअरफोन आज जो तपशील ऐकवतात, तो पूर्वी बराच खर्च केल्याशिवाय मिळत नव्हता. साचे महाग असतात हे खरं, पण इथे गर्दी आहे ना. करोडो फोन, करोडो कान. गर्दी जिथे, स्वस्ताई तिथे. नियम तोच, जागा बदलली.

म्हणजे पहिली पायरी आज १९६१पेक्षाही खाली, अगदी पायाशी आहे. तुटलंय ते तिच्या पुढचं. इअरफोनवरून एकदम लाखांच्या स्पीकरवर उडी मारायची? मधल्या पायऱ्या विरळ झाल्यात. आणि इअरफोनवर एक गोष्ट कधीच होत नाही, ती म्हणजे सोबत ऐकणं. खोलीत चार माणसं बसली आहेत, कोणीतरी गाणं लावलंय आणि सगळे गप्प झालेत, हा अनुभव कानात घालून मिळत नाही. पायरी हरवण्याचं खरं नुकसान ते आहे. आपण एकेकटे चांगलं ऐकायला लागलो.

यावर आपल्या हातात काय आहे? एक, जुनं यंत्र. तेव्हाच्या पहिल्या पायऱ्या दुरुस्त होतील अशा बनवल्या होत्या. जुना अँप्लिफायर कपॅसिटर बदलून, जुनं टर्नटेबल पट्टा बदलून पुन्हा उभं राहतं. घेण्याआधी वाजवून बघा, आणि दुरुस्ती करणारा माणूस आधी शोधा, यंत्र नंतर. दोन, जिथे चांगला सेट आहे तिथे जाऊन ऐका. मित्राकडे, काकांकडे, दुकानात. घ्यायचं नसेल तरी. आणि तीन, तुमच्याकडे असा सेट असेल तर लोकांना घरी बोलवा. रविवारी एक तास. न्यूयॉर्कच्या त्या स्टेशनातल्या खोलीत याहून वेगळं काय होत होतं?

तुमच्या घरातला पहिला स्पीकर किंवा टेप कोणता होता, कोणी आणला होता, किती दिवस पैसे साठवून आणला होता, हे घरच्यांना विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. जमलं तर तासांत हिशेब करून!

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि एखादं गाणं चारचौघांत ऐका.